अमेरिकेत फेडेक्सचे ‘रूट’ विकत मिळतात, पण त्यात मालकाच्या हातात नेमकं किती उरतं?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी मोटेल यायचं, मग गॅस स्टेशन, मग सँडविचच्या दुकानाची फ्रँचायझी. आता त्यात अजून एक गोष्ट फिरते. ‘फेडेक्स रूट विकणे आहे. ८ ट्रक, सगळे ड्रायव्हर कामावर, वर्षाची उलाढाल ११ लाख डॉलर, मालकाला पावणेतीन लाख सुटतात. आयटीची नोकरी सांभाळून करता येईल.’

वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो की फेडेक्स एवढी मोठी कंपनी, तिचा रूट कुणी परस्पर कसा विकतो? दुसरा प्रश्न म्हणजे हे पावणेतीन लाख खरंच सुटतात का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून आधी पहिलं बघू.

रूट विकायला येतो कसा?

अमेरिकेत तुमच्या दारात पार्सल आणणारा माणूस नक्की कुणाचा, हे त्याच्या गणवेशावरून कळत नाही. यूपीएसचा तपकिरी गणवेशातला ड्रायव्हर हा थेट यूपीएसचा नोकर असतो, टीमस्टर्स युनियनचा सदस्य असतो. तिथे रूट विकण्याचा प्रश्नच येत नाही. ॲमेझॉनच्या निळ्या व्हॅन २०१८ मध्ये सुरू झालेल्या डीएसपी योजनेतल्या छोट्या कंपन्या चालवतात. पण तिथे ॲमेझॉन स्वतः अर्ज मागवून माणसं निवडते.

फेडेक्स ग्राउंडचं वेगळं आहे. ही मुळात फेडेक्सची कंपनी नव्हतीच. १९८५ साली आरपीएस नावाची कंपनी पिट्सबर्ग परिसरात सुरू झाली. तिची खासियत अशी की ट्रक कंपनीचे नाहीत, ड्रायव्हर स्वतःचा ट्रक घेऊन येणार. १९९८ मध्ये फेडेक्सने आरपीएसची मालक कंपनी विकत घेतली आणि २००० साली तिचं नाव फेडेक्स ग्राउंड झालं. कंत्राटी पद्धत मात्र तशीच राहिली.

मग कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. ड्रायव्हर म्हणाले, गणवेश तुमचा, वेळ तुमची, नियम तुमचे, मग आम्ही स्वतंत्र कंत्राटदार कसे? २०१४ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील कोर्टाने कॅलिफोर्नियातल्या ड्रायव्हरांना नोकर मानलं. २०१५ मध्ये कंपनीने त्या खटल्यात २२ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड मान्य केली आणि २०१६ मध्ये आणखी २० राज्यांतल्या ड्रायव्हरांसाठी २४ कोटींची.

यातून कंपनीने धडा घेतला. एकट्यादुकट्या ड्रायव्हरशी करार बंद केले. २०२० पर्यंत सगळीकडे आयएसपी पद्धत आली. आयएसपी म्हणजे स्वतंत्र सेवा पुरवठादार. त्याची नोंदणीकृत कंपनी हवी, ड्रायव्हर त्याच्या पगारपत्रकावर हवेत, आणि त्याच्याकडे एका ठरावीक भागातली सगळी डिलिव्हरी हवी, सुटा एक रूट चालत नाही.

थोडक्यात नोकरीचे कायदे, विमा, ओव्हरटाइम, ट्रकची दुरुस्ती हे सगळं कंत्राटदाराच्या अंगावर आलं. आणि तुम्ही रूट विकत घेता तेव्हा हेच सगळं विकत घेता.

विकत काय मिळतं?

इथे बरेच जण चुकतात. रूट ही जमिनीसारखी मालमत्ता नाही. त्या भागातली पार्सलं फेडेक्सची, ग्राहक फेडेक्सचे, दर ठरवणारा करार फेडेक्सशी. विक्रेता तुम्हाला देतो ते जुने ट्रक, राहायला तयार असलेले ड्रायव्हर आणि करार तुमच्या नावावर करण्याची संधी. त्यालाही फेडेक्सची मंजुरी लागते. विक्रेत्याने हो म्हटलं आणि फेडेक्सने नाही म्हटलं तर व्यवहार संपला.

आणि हा करार साधारण वर्ष-दीड वर्षाचा असतो. मुदत संपली की पुन्हा वाटाघाटी. एका बाजूला अब्जावधी डॉलरची कंपनी, दुसऱ्या बाजूला ८ ट्रकवाला. वाटाघाटी हा शब्द इथे जरा उदारपणेच वापरायचा.

पैसे येतात कुठून?

कंत्राटदाराला फेडेक्सकडून दर आठवड्याला पैसे मिळतात. त्याच्या हिशोबाच्या कागदाला सेटलमेंट म्हणतात. त्यात एक ठरावीक साप्ताहिक रक्कम असते, मग प्रत्येक थांब्यामागे दर, प्रत्येक पार्सलमागे दर, डिझेलच्या भावानुसार इंधन अधिभार आणि सेवा-सुरक्षिततेचे काही प्रोत्साहन भत्ते. नोव्हेंबरच्या थँक्सगिव्हिंगपासून नाताळापर्यंतच्या गर्दीच्या काळासाठी वेगळे जादा दर ठरतात.

म्हणजे उत्पन्नाचा मोठा भाग थांबे आणि पार्सलं किती, यावर हलतो. खर्च मात्र तसा हलत नाही. ट्रकमध्ये १४० पार्सलं असोत की १२०, ड्रायव्हरची हजेरी तेवढीच, विमा तेवढाच, त्या गल्लीपर्यंत जायला डिझेल जवळपास तेवढंच. धंदा ५ टक्के घटला की नफा ५ टक्के घटत नाही, कितीतरी जास्त घटतो.

विक्रेते कधीकधी डिसेंबरच्या आठवड्याची सेटलमेंट दाखवतात आणि ऐकणारा मनातल्या मनात तिला ५२ ने गुणतो. तसं करू नका. सलग ५२ आठवड्यांचे, जमलं तर १०४ आठवड्यांचे कागद मागा. त्यातून पार्सलं वाढतायत की घटतायत, हेही दिसतं.

एक हिशोब मांडून बघू

खालचे आकडे उदाहरणासाठी मी घेतलेले आहेत, कुठल्या खऱ्या विक्रीचे नाहीत. पण जाहिरातीतला नफा कसा तयार होतो आणि कसा वितळतो, ते यातून नीट समजेल.

८ रूट, आठवड्यातून ६ दिवस. वर्षाला झाले २,४९६ रूट-दिवस. आठवड्याची सरासरी सेटलमेंट २२,००० डॉलर, म्हणजे वर्षाला ११,४४,०००. ड्रायव्हरची हजेरी दिवसाला १९० डॉलर. विक्रेत्याच्या वहीत खर्च असा दिसतो:

ड्रायव्हरांचे पगार, गर्दीच्या काळातल्या जादा माणसांसह: ४,९०,०००
पगारावरचे मालकाच्या वाट्याचे कर: ४२,०००
कामगार अपघात विमा: ४६,०००
डिझेल: १,२५,०००
दुरुस्ती आणि टायर: ८५,०००
ट्रकचा विमा: ४५,०००
स्कॅनर, फोन, गणवेश, हिशोबनीस, टोल, पार्किंग: ४७,०००

एकूण ८,८०,०००. उरले २,६४,०००.

पण जाहिरातीत लिहिलंय २,८४,०००. हे वरचे २० हजार आले कुठून? विक्रेता म्हणतो, या वर्षी एक इंजिन बदलावं लागलं, तो एकदाच झालेला खर्च आहे, म्हणून नफ्यात परत मिळवला. दलालांच्या भाषेत याला ॲड-बॅक म्हणतात. धंदा विकताना मालकाचे खासगी खर्च नफ्यात परत मिळवणं रास्तच आहे. बायकोच्या गाडीचा हप्ता कंपनीतून जात असेल तर तो नव्या मालकाला लागू नाही. पण ९ जुने ट्रक असताना इंजिन बदलणं ‘एकदाच’ होतं, हे मान्य करायला मन फारच मोठं हवं. या वर्षी इंजिन, पुढच्या वर्षी ट्रान्समिशन. ते २० हजार सोडून द्या. आपण २,६४,००० वर आलो.

आता विक्रेत्याला विचारा, तू स्वतः ट्रक चालवतोस का? आठवड्यातून दोन दिवस, तो सांगतो. वर्षाला झाले १०४ दिवस. त्याची हजेरी वहीत कुठेच नाही, कारण मालक स्वतःला पगार देत नाही. तुम्हाला ते दिवस ड्रायव्हर लावून भरावे लागणार. हजेरी, कर आणि विमा धरून २३,०००. उरले २,४१,०००.

पुढचा प्रश्न, पहाटे टर्मिनलवर कोण असतं? कोण आजारी आहे, कोणता ट्रक सुरू होत नाही, कोणाच्या तक्रारी आल्या, हे कोण बघतं? मीच की, तो म्हणतो. नोकरी सांभाळून धंदा करायचा असेल तर तुम्हाला मॅनेजर लागणार. ६५ हजार पगार आणि वरचे कर-विमा मिळून ७३,०००. उरले १,६८,०००.

आणि शेवटी ट्रक. वहीत ट्रकचं कर्ज नाही, विक्रेता अभिमानाने सांगतो की सगळे ट्रक फेडलेले आहेत. फेडलेले आहेत, म्हणजेच जुने आहेत. ८ चालणारे आणि १ राखीव, असे ९ ट्रक. वापरलेला बरा ट्रक ४५ हजाराला धरला आणि तो सात वर्षं टिकला, तर दरवर्षी सुमारे ५८,००० बाजूला टाकावे लागतील. नवे घ्यायचे तर हा आकडा कितीतरी वर जाईल. उरले १,१०,०००.

जाहिरातीत २,८४,०००, इथे १,१०,०००. विक्रेता खोटं बोललेला नाही. त्याने फक्त स्वतःच्या घामाची आणि ट्रकच्या झिजेची किंमत शून्य धरली. आपल्याकडे घरच्या शेतीचा नफा सांगताना जसं घरच्यांची मजुरी कुणी धरत नाही, अगदी तसं.

आता बँकेचा हप्ता

अशा धंद्यांची किंमत मालकाला सुटणाऱ्या वार्षिक रकमेच्या पटीत ठरते. दलालांच्या बोलण्यात तीन पटींचा आकडा वारंवार येतो. २,८४,००० ची तिप्पट साडेआठ लाख. त्यावर खेळतं भांडवल, वकील, बँकेचे खर्च असे ५० हजार. एकूण गरज ९ लाख डॉलर.

एवढे रोख कुणाकडे नसतात, म्हणून बहुतेक जण एसबीए कर्जाकडे वळतात. एसबीए ही लघुउद्योगांसाठीची अमेरिकी सरकारी संस्था. ती स्वतः पैसे देत नाही, बँकेने दिलेल्या कर्जाच्या काही भागाची हमी घेते. तिच्या ७(ए) योजनेत ५० लाख डॉलरपर्यंत कर्ज मिळतं, धंदा विकत घ्यायला साधारण १० वर्षांची मुदत असते आणि स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात. त्यातला निम्म्यापर्यंतचा भाग विक्रेत्याने उधार ठेवलेला चालतो. पण २०२५ च्या नियमांनुसार बँकेचं कर्ज फिटेपर्यंत त्या उधारीवर त्याला एक पैसाही घेता येत नाही. कोणता विक्रेता याला राजी होतो, ते विचारून बघा.

आपल्या उदाहरणात १ लाख स्वतःचे आणि ८ लाख कर्ज. व्याजदर १०.५ टक्के धरू. महिन्याचा हप्ता सुमारे १०,८००, वर्षाला जवळपास १,३०,०००.

तुम्ही नोकरी सोडून स्वतः मॅनेजरचं काम केलंत तर २,४१,००० मधून १,३०,००० हप्ता गेला, ५८,००० ट्रकसाठी ठेवले. हातात ५३,०००, तेही आयकराच्या आधी. पहाटेच्या फोनसकट.

मॅनेजर ठेवलात तर १,१०,००० मध्ये १,३०,००० चा हप्ता बसतच नाही. दरवर्षी खिशातून २० हजार घाला. ‘आयटीची नोकरी सांभाळून’ हे यामुळेच खरं ठरतं, कारण धंदा जगवायला त्या नोकरीचा पगार लागतो.

इथे कुणी म्हणेल, मग बँक कर्ज देते कशी? बँक बघते की धंद्याची कमाई हप्त्याच्या सव्वापट तरी आहे का. विक्रेत्याच्या विवरणातले २,६४,००० आणि हप्ता १,३०,०००, म्हणजे दुप्पट. फाइल पास. ट्रकच्या बदलीसाठी बाजूला ठेवायची रक्कम जुन्या विवरणात नसतेच, आणि मॅनेजरचा पगार तुम्ही ‘मी स्वतः चालवणार’ म्हटल्यावर कुणी धरत नाही. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे धंदा तपासून दिला, असा अर्थ काढू नका. २० टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्या प्रत्येकाची वैयक्तिक हमी तिने लिहून घेतलेली असते, आणि तारण कमी पडत असेल तर तुमच्या घरावरही बोजा चढतो.

यातली खरी भीती आकड्यांत नाही, तारखांत आहे. कर्ज १० वर्षांचं आणि करार दीड वर्षाचा. कर्ज फिटेपर्यंत तुमचा करार पाच-सहा वेळा नव्याने व्हावा लागणार. एकदा जरी फिसकटला तरी हमी तशीच राहते.

करात काय होतं?

थोडक्यात सांगतो, कारण याला चांगला सीपीए लागतोच. हप्त्यातलं व्याज खर्च म्हणून वजा होतं, मुद्दल होत नाही. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी सुमारे ४८ हजार मुद्दल फिटतं. उलट बाजूने, किमतीतला जो भाग ट्रकसाठी नसून कराराच्या हक्कासाठी दिला, तो १५ वर्षांत समान भागांत वजा करता येतो. साडेआठ लाखांपैकी अडीच लाख ट्रकचे आणि ६ लाख हक्काचे ठरले, तर वर्षाला ४० हजार वजावट. ट्रकची किंमत मात्र लवकर वजा होऊ शकते. १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या वाहनांना पहिल्याच वर्षी पूर्ण घसारा मिळण्याची सोय कायद्यात परत आलीय, आणि ती वापरलेल्या वाहनांनाही चालते. म्हणून ट्रक किती आणि हक्क किती, ही विभागणी सही करण्याआधी ठरवा. दोघांचं हित इथे उलट असतं.

ओव्हरटाइमची भानगड

ही गोष्ट जाहिरातीत कधीच नसते आणि नंतर सगळ्यात महाग पडते.

बरेच कंत्राटदार ड्रायव्हरला तासावर नाही, दिवसावर पैसे देतात. दिवसाला १९० डॉलर, काम संपलं की घरी जा. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात व्यापारी मालवाहतूक करणाऱ्या ड्रायव्हरांना ओव्हरटाइममधून सूट आहे, म्हणून हे चालून जातं असं सगळे मानतात. पण २००८ च्या दुरुस्तीनंतर ही सूट १०,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांना लागू राहिली नाही. हे वजन म्हणजे गाडी आणि तिची भार वाहण्याची कमाल क्षमता मिळून कंपनीने पाटीवर लिहिलेला आकडा. मोठा पेटीसारखा स्टेप व्हॅन या मर्यादेच्या वर जातो. साध्या कार्गो व्हॅन पुष्कळदा खाली राहतात.

समजा कार्गो व्हॅनवाला ५ दिवसांत ५० तास काम करतो. त्याला मिळाले ९५० डॉलर, म्हणजे तासाला १९. वरच्या १० तासांना अर्ध्या दराची भर, तासाला साडेनऊ, म्हणजे आठवड्याला ९५ डॉलर देणं लागतं. असे ४ ड्रायव्हर असतील तर वर्षाला जवळपास २० हजार. दोन वर्षांची थकबाकी, जाणूनबुजून केलं असं ठरलं तर तीन वर्षांची, आणि तेवढीच रक्कम भरपाई म्हणून पुन्हा. राज्याचे कायदे याहून कडक असू शकतात. काही वेळा जुन्या मालकाच्या काळातली थकबाकी नव्या मालकाच्या दारात येऊन उभी राहते.

म्हणून प्रत्येक गाडीच्या दारावरच्या पाटीचा फोटो मागा आणि वर्षभराचं पगारपत्रक त्याच्या शेजारी ठेवून बघा. विक्रेता गाड्यांची यादी देतो त्यात मैल आणि वर्ष असतं, वजन नसतं.

हजेरीचंही तसंच. बाजारात ड्रायव्हर मिळेनासे झाले आणि तुम्हाला दिवसाला फक्त १० डॉलर वाढवावे लागले, तर २,४९६ दिवसांचे २५ हजार आणि कर-विमा धरून साडेएकोणतीस हजार गेले. स्वतः राबून मिळणाऱ्या ५३ हजारांतून. आणि माणूस आज गेला म्हणून उद्या दुसरा बसवता येत नाही. पार्श्वभूमीची तपासणी, ड्रग टेस्ट, वैद्यकीय दाखला हे झाल्याशिवाय त्याला ट्रक देता येत नाही. तोवर तुम्हीच चालवता.

फेडेक्सने नकाशाच बदलला तर?

२०१९ मध्ये फेडेक्स ग्राउंड आणि ॲमेझॉन यांचा करार संपला. जानेवारी २०२० पासून ग्राउंडने बहुतेक भागांत आठवड्याचे सातही दिवस डिलिव्हरी सुरू केली. मग कोविड आला, पार्सलांचा पूर आला, किमती चढल्या. पूर ओसरला तेव्हा डिझेल आणि पगार वर गेलेले होते. २०२२ मध्ये तर काही ठिकाणची रविवारची सेवा कंपनीने कमीही केली. यातला एकही निर्णय कंत्राटदाराला विचारून झालेला नाही.

२०२२ चीच दुसरी गोष्ट. स्पेन्सर पॅटन नावाचा एक बडा कंत्राटदार होता, १० राज्यांत २२५ रूट असलेला. वाढत्या खर्चामुळे कंत्राटदार बुडतायत, दर वाढवा, नाहीतर ब्लॅक फ्रायडेला अनेक जण काम थांबवतील, असं तो जाहीरपणे बोलू लागला. ऑगस्टमध्ये फेडेक्सने त्याचे करार संपवले आणि चुकीची माहिती पसरवल्याचा आरोप करत त्याच्या सल्लागार कंपनीवर खटलाही भरला. कोण बरोबर, कोण चूक हे बाजूला ठेवू. पॅटन रूट खरेदी-विक्रीचा सल्ला देणारी कंपनीही चालवायचा, त्यामुळे त्याचेही हितसंबंध होतेच. पण २२५ रूटवाल्याचे करार जाऊ शकतात, तर ८ रूटवाल्याने आपलं वजन ओळखून राहावं.

सध्या मोठा बदल चालू आहे तो नेटवर्क २.० चा. वर्षानुवर्षं फेडेक्स एक्सप्रेस आणि फेडेक्स ग्राउंड या दोन वेगळ्या कंपन्या होत्या. एकाच इमारतीत सकाळी एक्सप्रेसची गाडी यायची, दुपारी ग्राउंडची. जून २०२४ मध्ये दोन्ही एकाच कंपनीत आणल्या गेल्या आणि आता शहराशहरांत त्यांची जाळी एकत्र होतायत. काही ठिकाणी एक्सप्रेसची पार्सलं कंत्राटदाराकडे येतात, त्याचा धंदा वाढतो. काही ठिकाणी उलटं होतं. कॅनडात तर २०२४ पासून कंत्राटदारांकडचं काम कंपनीच्या पगारी ड्रायव्हरांकडे वळवलं गेलं.

तुम्ही बघताय त्या टर्मिनलचं एकत्रीकरण झालंय की व्हायचंय, हा प्रश्न म्हणून पहिल्याच फोनवर विचारा. व्हायचं असेल तर मागच्या ५२ आठवड्यांचे कागद पुढच्या वर्षाबद्दल फारसं सांगणार नाहीत. आणि विक्रेता नेमका आत्ताच का विकतोय, हेही मग वेगळ्या नजरेने बघावं लागतं.

आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी

एच-१बीवर असलेल्या माणसाला एसबीए कर्ज मिळत नाही. ग्रीन कार्डधारकांसाठीचे नियमही अलीकडे कडक होत गेलेत, त्यामुळे विसार देण्याआधी बँकेकडून लेखी उत्तर घ्या. शिवाय एच-१बीवाल्याने कंपनीत हिस्सा घेणं वेगळं आणि पहाटे टर्मिनलवर जाऊन काम बघणं वेगळं. दुसऱ्यासाठी आधी इमिग्रेशन वकील गाठावा लागतो. पैसे गुंतवून ई-२ व्हिसा काढू, असंही कुणी सुचवतं. भारत त्या कराराच्या यादीत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर तो मिळत नाही.

पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांकडे ‘भागीदारी’ मागितली जाते तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा असते. परदेशी कंपनीत हिस्सा घेण्याचे नियम त्याशिवाय वेगळे. भावाच्या खात्यात परस्पर पैसे टाकून हे भागत नाही.

मग किती किंमत द्यावी?

आपल्या उदाहरणाकडे परत येऊ. मॅनेजर ठेवून, ट्रकचे पैसे बाजूला टाकून धंदा वर्षाला १,१०,००० कमावतो. हप्ता भरून चौथा हिस्सा तरी हलका राहावा, म्हणजे कमाई हप्त्याच्या सव्वापट हवी. तर हप्ता ८८ हजारांच्या वर नको. त्याच दराने १० वर्षांसाठी एवढ्या हप्त्यात सुमारे ५ लाख ४३ हजारांचं कर्ज बसतं. स्वतःचे १ लाख त्यात घातले, वरचे ५० हजार खर्च वजा केले, तर देण्यासारखी किंमत निघते जवळपास ६ लाख. मागणी साडेआठची आहे.

विक्रेता ६ लाखांना हसेल, कारण साडेआठ देणारा कुणीतरी खरंच सापडतो. बऱ्याचदा तो शेजारच्या भागातला कंत्राटदार असतो. त्याच्याकडे मॅनेजर आधीच आहे, राखीव ट्रक आहेत, सुट्टीवर गेलेल्याच्या जागी पाठवायला माणूस आहे, दुरुस्तीवाला ओळखीचा आहे. तुमच्या हिशोबातले ७३ हजार त्याच्या हिशोबात येतच नाहीत, म्हणून तोच धंदा त्याला जास्त किमतीला परवडतो. दुसरा गिऱ्हाईक म्हणजे स्वतः ट्रकवर बसणारा, ज्याला ५३ हजार आणि स्वतःचा धंदा हे आत्ताच्या नोकरीपेक्षा बरं वाटतं. या दोघांपैकी तुम्ही कुणी नसाल, तर जाहिरातीतली किंमत तुमच्यासाठी लिहिलेली नाही.